चार न्यूट्रॉन. मग?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मुलाखतीत तुला विचारलं, "आयोडीन-१२७ आणि आयोडीन-१३१ यांत फरक काय?" तू म्हणालीस, "चार न्यूट्रॉन." बरोबर सांगितलंस. समोरचे म्हणाले, "मग?" आणि तुझी वाचा बसली. तेव्हापासून तुला वाटतंय की आपलं फिजिक्स कच्चं आहे, आणि तिकडे आई म्हणतेय, बरंच झालं, कशाला त्या किरणांच्या नादी लागायचं.

मला विचारशील तर त्या परीक्षकांनी तुझं भलंच केलं. व्याख्या घोकून पास होता येतं, पण न्यूक्लिअर मेडिसिनचं, म्हणजे किरणोत्सारी औषधं वापरून तपासणी आणि उपचार करण्याचं, आमचं सगळं खातं त्या "मग?"वर उभं आहे. माझी उभी नोकरी त्यात गेली, म्हणून लिहिते.

त्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी आहेत. शरीराच्या लेखी त्या चार न्यूट्रॉनांनी काहीही फरक पडत नाही. केंद्रकाच्या लेखी मात्र सगळाच फरक पडतो.

आधी शरीराचं बघू. अणूचा व्यास केंद्रकाच्या ढोबळमानाने लाखपट असतो. वानखेडे स्टेडियम म्हणजे अणू धरलास, तर खेळपट्टीच्या मधोमध ठेवलेली मोहरी म्हणजे केंद्रक. जवळजवळ सगळं वजन त्या मोहरीत, आणि बाकीच्या सगळ्या जागेत इलेक्ट्रॉनांचा वावर. आता बाहेरून कोणी त्या अणूला भेटायला आलं तर त्याची गाठ कोणाशी पडणार? इलेक्ट्रॉनांशीच. मीठ विरघळणं, लोखंड गंजणं, पेशीने एखादा अणू आत घेणं, हा सगळा व्यवहार इलेक्ट्रॉनांचा. इलेक्ट्रॉन किती हे प्रोटॉनांच्या संख्येवर ठरतं, आणि दोन्ही आयोडीनांत प्रोटॉन ५३च. एकात न्यूट्रॉन ७४, दुसऱ्यात ७८, पण मोहरीच्या आत काय भरलंय ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला दिसतच नाही. तिला आयोडीन हवं असतं, ती ते ओढून घेते.

अशा अणूंना समस्थानिक म्हणतात, तो शब्द एकदा फोडून बघ. सम स्थान, म्हणजे आवर्तसारणीत एकच घर. १९१३ साली रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडींनी 'आयसोटोप' हा मूळ शब्द वापरात आणला, तो त्यांना मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी सुचवला होता, आणि त्याही ग्रीक शब्दाचा अर्थ हाच. पाठ्यपुस्तकातले काही मराठी शब्द जीभ अडखळवतात, हा मात्र नेमका उतरला आहे.

थायरॉइडच्या या आंधळेपणावरच आमचा उपचार चालतो. १९४१ साली बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी वाजवीपेक्षा जास्त काम करणाऱ्या थायरॉइडच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन पाजलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. थायरॉइडच्या कर्करोगाच्या रुग्णाला डोस देण्याआधी आम्ही एक-दोन आठवडे आयोडीनचं पथ्य सांगतो. आयोडीनयुक्त मीठ बंद, विकतचं लोणचं-पापड बंद, समुद्राची मासळी बंद. कोकणातले रुग्ण मीठ सोडायला तयार असायचे, पण मासळीचं नाव काढलं की चेहरा पडायचा. मग मी समजावायची: मावशी, भरल्या पोटी पंगतीला बसलात तर काय जेवाल? ऑपरेशननंतर उरलेल्या थायरॉइडच्या पेशींना आधी उपाशी ठेवायचं, म्हणजे किरणोत्सारी १३१ समोर आलं की त्या अधाशासारख्या खातील.

याच आंधळेपणाची दुसरी बाजूही विसरू नकोस. १९८६ साली चेर्नोबिलला हेच आयोडीन-१३१ हवेतून गवतावर पडलं, गाईंच्या पोटातून दुधात उतरलं आणि दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये जाऊन बसलं. पुढे त्या भागातल्या अनेक मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. अशा वेळी पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या देतात त्या एवढ्याचसाठी, की साध्या आयोडीनने ग्रंथी आधीच भरून जावी. म्हणजे रुग्णाला आपण उपाशी ठेवतो आणि तिथे मुलांना पोटभर वाढायचं असतं. कारण दोन्हीकडे एकच.

आता मोहरीच्या आत शिरू. ५३ प्रोटॉनांना ७४ न्यूट्रॉन मानवतात, ती मांडणी टिकते. ७८ झाले की तोल जातो. मग एका न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन वेगाने बाहेर पडतो, तोच बीटा कण. (सोबत एक अँटिन्यूट्रिनोही जातो, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.) इथे नव्वद टक्के मुलं चुकतात. त्यांना वाटतं हा इलेक्ट्रॉन कक्षेतला. तो कक्षेतला नसतो आणि केंद्रकात दडूनही बसलेला नसतो, त्या क्षणी निर्माण होतो. आणि प्रोटॉन ५४ झाले म्हणजे घरच बदललं! आयोडीनचा झेनॉन झाला, तोही स्थिर.

तो बीटा कण शरीरात फार तर दोनेक मिलिमीटर जातो. म्हणजे ज्या पेशीने आयोडीन गिळलं ती आणि तिचे शेजारी, एवढ्यांचंच काम तमाम. बरोबर बहुधा ३६४ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा गामा किरणही निघतो. तो शरीराबाहेर येतो, त्यामुळे गामा कॅमेऱ्यात आपल्याला दिसतं की औषध कुठे बसलंय. आणि त्याच्याचमुळे रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं, त्याच्या संडास-बाथरूमचं पाणी सुद्धा आधी टाकीत साठवून, पुरेसं निवल्यावर सोडावं लागतं. इथे निवणं म्हणजे थंड होणं नव्हे बरं. केंद्रकाला उकळ, गोठव, आम्लात टाक, त्याला पत्ता लागत नाही. रसायनशास्त्राची सगळी हत्यारं बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंतच पोचतात. म्हणून आमच्याकडे सांडलेलं पुसता येतं, संपवता येत नाही. ते काळाने संपतं.

त्याचं माप म्हणजे अर्धायुष्य. आयोडीन-१३१चं साधारण आठ दिवस. या शब्दातल्या 'आयुष्य'ने मात्र घोटाळा होतो. अणू म्हातारा होत नाही. सात दिवस टिकलेल्या अणूची आज फुटण्याची शक्यता, काल अणुभट्टीतून निघालेल्या अणूइतकीच. कोणता अणू कधी फुटेल हे कोणीच सांगू शकत नाही, पण अब्जावधी अणू एकत्र असले की आठ दिवसांत निम्मे जाणार हे छातीठोकपणे सांगता येतं.

मला हे पुस्तकातून समजलं नाही, पेनाने शिकवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शुक्रवारी संध्याकाळी हॉट लॅबमधून, म्हणजे किरणोत्सारी औषधं हाताळायच्या खोलीतून, निघताना किरणोत्सार मोजणारं सर्व्हे मीटर माझ्या खिशाशी ओरडायला लागलं. तपासण्यांसाठी वापरतात त्या टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा थेंब लागलेल्या हातमोज्याने मी नोंदवहीत लिहिलं होतं आणि पेन खिशात ठेवलं होतं. आमच्या थोरल्या टेक्निशियन बाई रागावल्या नाहीत. पेन प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर तारीख-वेळ लिहून, लेड कॅसलमध्ये, म्हणजे शिशाच्या आडोशात, ठेवायला लावलं आणि म्हणाल्या, "सोमवारी सकाळी ये, पण आकडा आत्ता सांगून जा." टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य सहा तास. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ साठ तास, म्हणजे दहा अर्धायुष्यं. दोनाचा दहावा घात १०२४. सोमवारी हजारावा हिस्सा उरला होता आणि मीटर गप्प होतं. आयोडीन असतं तर त्याच पेनासाठी ऐंशी दिवस थांबावं लागलं असतं.

टेक्नेशियमवरून आठवलं. याचं एकही समस्थानिक स्थिर नाही. १९३७ साली इटलीत पालेर्मोला ते सापडलं, तेही अमेरिकेतल्या सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना वेग देणाऱ्या यंत्रात) मारा खाल्लेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. सहा तासांत निम्मं होणारी वस्तू साठवणार कशी? म्हणून ६६ तास अर्धायुष्य असलेलं मॉलिब्डेनम-९९ जनरेटर नावाच्या यंत्रात येतं, त्यातून टेक्नेशियम बनत राहतं, आणि आपण रोज सकाळी सलाइन सोडून ते काढून घ्यायचं. जगभर या यंत्राला गाय म्हणतात आणि या कामाला धार काढणं. तुमच्या घरी गोठा आहे, तुला वेगळं शिकवायला नको.

आता आईचं. तिला हसू नकोस, आणि 'केळ्यातही किरणोत्सार असतो' हे वाक्य तिच्या तोंडावर फेकू नकोस. ते खरं आहे. पोटॅशियम-४०मुळे आपल्या प्रत्येकाच्या शरीरात सेकंदाला चारएक हजार अणू फुटत असतात. पण भीती अशा वाक्यांनी जात नाही, उलट माणूस गप्प बसतो. तिला खरी व्यवस्था सांग. छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा टिपणारा बिल्ला, लावतात, तो ठरावीक काळाने मोजला जातो. आपल्याकडे कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे त्या मात्रेचं एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३०च्या वर नाही. स्रोतापासून दुप्पट लांब उभं राहिलं की मात्रा चौथाई होते. आणि किरण अंगावर पडणं वेगळं, किरणोत्सारी पदार्थ अंगाला लागणं वेगळं. एक्स-रे काढून आलेला माणूस घरी काहीच घेऊन येत नाही, माझ्या खिशातलं पेन आलं असतं. आईला यातला फरक कळला की तिचे प्रश्न बदलतील. बदललेले प्रश्न मला कळव, मी तिच्याशी फोनवर बोलेन.

पुढच्या मुलाखतीआधी एक गणित करून पाठव. ३७०० मेगाबेक्वेरेल (एक मेगाबेक्वेरेल म्हणजे सेकंदाला दहा लाख अणू फुटणं) आयोडीन-१३१ सोमवारी दुपारी बारा वाजता मोजलेलं आहे. रुग्णाची गाडी घाटात अडकली, डोस गुरुवारी दुपारी बाराला दिला. प्रत्यक्षात किती गेला? तीन दिवस म्हणजे अर्धायुष्याची पूर्ण पटही नाही, तेव्हा अंदाजाने भागणार नाही. युनिट लिहायला विसरू नकोस.

तुझी
मावशी