पडीक ऐतिहासिक इमारतींचे फोटो काढताना भिंतींवर खरडलेली नावं कशी टाळावीत?

कोणती लेन्स घ्यावी आणि भिंतींवरची नावं एडिटिंगमध्ये पुसावीत का, असं तुम्ही विचारलंय. लेन्सचं लगेच सांगतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 16-35 मिमीची वाइड लेन्स पुरे. ट्रायपॉड हवाच. कॅमेरा वर-खाली कलवू नका, नाहीतर खांब झुकलेले दिसतात. खिडकीतला उजेड पांढराफटक होऊ नये म्हणून एकाच फ्रेमचे कमी-जास्त उजेडाचे तीन ते पाच एक्स्पोजर घ्या आणि नंतर एकत्र जोडा.

नावं मात्र पुसू नका. हे रागाने लिहितोय, कारण आहे.

नऊ वर्षांपूर्वी मालकांची परवानगी काढून मी एका बंद बंगल्यात दोन दिवस फोटो काढले. आत ओतीव लोखंडाच्या कठड्याचा गोल जिना, आणि वळणावर रंगीत काचांची उंच खिडकी. सकाळी जेमतेम अर्धा तास तिचा निळा-तांबडा उजेड पायऱ्यांवर उतरायचा. पहिल्या दिवशी तो हुकला, म्हणून दुसऱ्या दिवशी सातपासून पायरीवर बसून राहिलो. एकही काच तडकलेली नव्हती.

सोबत एक मित्र होता. ठिकाण कुणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. आठवड्याने त्याने फोटो टाकला आणि खाली नकाशाची लिंक दिली. मी जाब विचारला तर म्हणाला, "लोकांनी पाहिलं तरच ते वाचेल. लपवून ठेवणारा तू कोण?"

पाच महिन्यांनी परत गेलो. खिडकीच्या खालच्या भागात एकही काच उरली नव्हती, आत विटांचे तुकडे पडले होते. जिन्याच्या भिंतीवर स्प्रेने नावं आणि बदाम. कठड्याचे गज कापून नेलेले. मग पावसाचं पाणी आत येत राहिलं आणि वर्षभरात जिन्याजवळची लाकडी जमीन कुजली. मालकांनी फोनवर एवढंच विचारलं, "तुमच्याशिवाय आम्ही कुणाला आत सोडलं होतं का?" मला बोलता आलं नाही.

त्यामुळे माझं मत ठाम आहे: पत्ता देणारा फोटोग्राफर नासधुसीत भागीदार असतो. फोनचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्ये दडलेल्या माहितीसोबत (एक्झिफ डेटा) अक्षांश-रेखांशही जातात, ते काढून टाका. ओळखू येणारा दर्शनी भाग किंवा खिडकीबाहेरचा मनोरा फ्रेममध्ये घेऊ नका. आतली एकही वस्तू हलवू नका. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर 1986 मध्ये रिकामं केलेल्या प्रिप्यात शहरात लोकांनी फोटोसाठी बाहुल्या आणि गॅस मास्क मांडून ठेवले. आता तिथे तेव्हापासून आपसूक राहिलेलं काय आणि रचलेलं काय, हे ओळखणं कठीण झालंय.

आणि ती नावं पुसलीत तर नुकसान कधी झालं याचा पुरावाच तुम्ही पुसता. तारखेसह मूळ फाईल जपा. भिंतही स्वतः साफ करायला जाऊ नका. सच्छिद्र दगडात स्प्रेचा रंग मुरतो, जोरात घासलं की दगडाचा वरचा थरच निघतो.

मित्राचं सगळंच चूक होतं असं नाही, हेही सांगायला हवं. बल्गेरियातलं कम्युनिस्ट राजवटीचं बुझ्लुजाचं स्मारक 1981 मध्ये उभं राहिलं, पुढे ओस पडलं, त्याची मोझेक (रंगीत तुकड्यांची भिंतीवरची चित्रं) फोडली गेली. पण त्याचे फोटो जगभर गेले, आणि 2019 मध्ये गेटी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने जतनाच्या आराखड्यासाठी पैसे दिले. डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल स्टेशन 1988 मध्ये बंद पडलं. 2018 मध्ये फोर्डने ते घेतलं तेव्हा चोरीला गेलेलं जुनं घड्याळ कुणीतरी नाव न सांगता परत आणून ठेवलं. 2024 मध्ये स्टेशनची इमारत पुन्हा उघडली. पण या अवाढव्य वास्तू, त्यांचा पत्ता सगळ्यांना ठाऊकच होता. झाडीत दडलेल्या बंगल्याच्या मागे कोण उभं राहणार? मित्राच्या पोस्टखाली शेकडो जणांनी वाहवा केली, काच बसवायला किती खर्च येईल हे एकानेही विचारलं नाही.

त्या खिडकीच्या सगळ्या मूळ फाईल मी मालकांना दिल्या आहेत. प्रत्येक काचेचा आकार आणि रंग त्यांत स्पष्ट दिसतो.