डॉक्टरांना सांगू कसे?

“मी काही बोलले तर डॉक्टरांना राग येईल, आणि मग ते माझ्याकडे नीट लक्ष देणार नाहीत,” ही भीती मी अनेकांकडून ऐकली आहे. स्थूल शरीराच्या एका बाईंनी ती बोलून दाखवली, तेव्हा त्यांनी दवाखान्याची पायरी चढून तीन वर्षे झाली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत ‘बसा’ म्हटल्यावरही त्या उभ्याच राहिल्या. त्यांची नजर खुर्चीच्या दोन्ही हातांवर खिळलेली होती, आणि त्या अरुंद खुर्चीत आपण मावणार नाही हे सांगायचा त्यांना संकोच वाटत होता, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आले. मी बिनहाताची खुर्ची आणून दिली. पुढच्या आठवड्यात खोलीतल्या जुन्या खुर्च्याही बदलल्या.

तीन वर्षांपूर्वी त्या गुडघेदुखीसाठी गेल्या होत्या. गुडघ्याला हातही न लावता ‘आधी वजन उतरवा’ एवढेच सांगण्यात आले. त्याआधी रक्तदाब मोजताना पट्टा दंडाला पुरेना. तीन वेळा तो चर्र आवाज करत सुटला, चौथ्यांदा परिचारिकेने हाताने दाबून धरला, आणि जो आकडा आला त्यावर गोळी सुरू झाली. वास्तविक दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे 80 टक्के असावी लागते. साधारण 27 ते 34 सेंटिमीटर घेरासाठी असलेला नेहमीचा पट्टा त्यांच्या 41 सेंटिमीटरच्या दंडाला चालणारच नव्हता. हे ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे दोष माझ्या हाताचा नव्हता?”

गोळी स्वतःहून बंद करू नका, असे मी त्यांना आधी बजावले. त्यानंतर दवाखान्यात काय बोलायचे ते आम्ही कागदावर लिहिले. पहिल्या मसुद्यात प्रत्येक वाक्य ‘माफ करा, माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असे सुरू होत होते. ते शब्द त्यांनी स्वतःच खोडले. उरले ते असे: “माझ्या दंडाचा घेर 41 सेंटिमीटर आहे, मोठ्या पट्ट्याने मोजाल का?” “वजनाविषयी बोलायला माझी हरकत नाही, पण आज आधी गुडघा तपासा.” “हेच दुखणे सडपातळ व्यक्तीला असते, तर कोणत्या तपासण्या सांगितल्या असत्या?” हे शेवटचे वाक्य जाब विचारल्यासारखे वाटू नये म्हणून आम्ही ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले. भूल देताना किंवा काही औषधांची मात्रा ठरवताना वजन लागतेच. तेव्हा आकड्याकडे पाठ करून उभे राहता येते आणि तो मोठ्याने वाचू नका, असेही सांगता येते.

खरे तर हे ओझे रुग्णावर पडताच कामा नये. प्रत्येक शरीराला पुरेल असा पट्टा, तपासणीचा झगा आणि भक्कम टेबल तयार ठेवणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण तोवर दुखणे थांबून राहत नाही.

त्या बाई आपल्या बहिणीला सोबत घेऊन दुसऱ्या दवाखान्यात गेल्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे वाकवून पाहिले होते, एक्स-रे सांगितला होता, आणि रक्तदाबाची गोळी लागते का हे काही दिवसांच्या नोंदी पाहून ठरवू, असे म्हटले होते. “आणि मोठा पट्टा?” मी विचारले.

“होता ना. कपाटाच्या वरच्या खणात, पिशवीतच होता.”