त्याच्या जागी कोण? वाचकांचे प्रश्न आणि बेसबॉलचे हिशेब

या वेळच्या टपालात बेसबॉलविषयीची पत्रे एवढी निघाली की क्रिकेट आणि कुस्तीचे प्रश्न पुढल्या अंकासाठी बाजूला ठेवावे लागले. अमेरिकेत किंवा बंगळूरला नोकरीस असलेली मुले-भाचे सुट्टीला घरी येतात आणि जाताना या खेळाचे वेड मागे ठेवून जातात, असे पत्रांवरून दिसते. बहुतेक पत्रांचा मूळ प्रश्न एकच आहे. खेळाडूची किंमत ठरवायची कशी?

प्रश्न : माझे थोरले मेहुणे आणि मी 2012 सालच्या एका पुरस्कारावरून अजून भांडतो. त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून डेट्रॉइटच्या मिगेल काब्रेराची निवड झाली. मेहुण्यांना ते योग्य वाटते. माझ्या मते तो मान एंजल्स संघाच्या माइक ट्राउटचा होता, आणि ‘वॉर’चा आकडाही दशांशापर्यंत तेच सांगतो. पैज एक किलो कुंद्याची आहे. कृपया निवाडा द्यावा. (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : प्रथम आपल्या मेहुण्यांची बाजू नीट मांडतो, कारण ती कच्ची नाही. काब्रेराने त्या हंगामात 0.330 ची सरासरी राखली (म्हणजे दर शंभर संधींत सुमारे 33 यशस्वी फटके), 44 होमरन, म्हणजे बहुधा थेट कुंपणापलीकडे जाणारे फटके, मारले आणि 139 धावा घडवून आणल्या. या तिन्ही बाबतींत तो लीगमध्ये पहिला होता. असा तिहेरी मुकुट त्यापूर्वी 1967 मध्ये कार्ल यास्ट्रझेम्स्कीने मिळवला होता, म्हणजे 45 वर्षे कोणालाही तो साधला नव्हता. मत देणाऱ्या 28 क्रीडालेखकांपैकी 22 जणांनी काब्रेराला पहिली पसंती दिली आणि उरलेल्या सहा जणांनी ट्राउटला.

आता आपली बाजू. ट्राउट हा हंगाम सुरू झाला तेव्हा वीस वर्षांचा होता आणि एप्रिलच्या अखेरीपर्यंत तो मुख्य संघात नव्हताही. तरी त्याची सरासरी 0.326 होती, होमरन 30 होते, आणि शिवाय त्याने 49 वेळा बेस चोरले. बेस चोरणे म्हणजे पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, लक्ष चुकवून, बॅटरने चेंडू न मारताच, पुढच्या बेसवर धावत पोहोचणे. त्यात तो फक्त पाच वेळा पकडला गेला. मैदानावर तो मध्यभागी, सर्वांत जास्त धावावे लागणाऱ्या जागी उभा राहत असे, आणि बाल्टिमोरच्या मैदानात तर त्याने कुंपणाच्या भिंतीवर झेपावून पलीकडे जाणारा चेंडू परत आणला होता. अडवलेल्या धावा सरासरीच्या रकान्यात दिसत नाहीत, आणि भांडणाचे मूळ नेमके तिथे आहे.

‘वॉर’ नावाने ओळखला जाणारा जो आकडा आपण पत्रात उद्धृत केला आहे, तो समजण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. रविवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर टेनिस बॉलचा सामना ठरलेला असतो, नाणेफेक झालेली असते, आणि आपला यष्टिरक्षक आदल्या रात्रीच्या लग्नामुळे उगवत नाही. मग कडेला सायकलवर बसून बघणाऱ्या एखाद्या पोराला बोलावून, चपला काढायला लावून, यष्टीमागे उभे केले जाते. तो अगदीच वाईट नसतो, चार चेंडू अडवतो आणि दोन सोडतो. आपल्या नेहमीच्या यष्टिरक्षकाची किंमत शून्यापासून मोजायची नसते. ती या सायकलवाल्या पोरापासून मोजायची असते. बेसबॉलमध्ये त्या पोराच्या जागी दुय्यम संघांतून सहज आणि स्वस्तात मिळणारा खेळाडू धरतात. सगळा संघच अशा खेळाडूंचा असेल तर 162 सामन्यांत तो साधारण 48 सामने जिंकेल, असे गृहीत धरले आहे. खेळाडूने फलंदाजीने, धावण्याने आणि क्षेत्ररक्षणाने त्या पातळीच्या वर किती धावांचा फरक पाडला हे काढायचे, आणि ढोबळमानाने दहा धावांना एक विजय या दराने त्याचे विजय करायचे. त्या हंगामात या हिशेबाने ट्राउटच्या खात्यावर दहाच्या आसपास विजय पडले आणि काब्रेराच्या खात्यावर सातच्या आसपास.

मेहुणे आता म्हणतील की काब्रेराचा संघ अंतिम मालिकेपर्यंत गेला आणि ट्राउटचा संघ बाद फेरीतही पोहोचला नाही. त्यांना विजयांची संख्या दाखवावी : एंजल्सचे विजय 89 होते आणि डेट्रॉइटचे 88. डेट्रॉइटच्या गटात दुसऱ्या क्रमांकाच्या संघाने 85 सामने जिंकले होते, तर एंजल्सच्या गटात त्यांच्या पुढे 94 आणि 93 विजय मिळवलेले दोन संघ होते. शेजारी दुबळे मिळाले याचे श्रेय काब्रेराला देता येणार नाही.

तेव्हा कुंदा मेहुण्यांनी आणावा. मात्र आपण ‘वॉर’चा आकडा दशांशापर्यंत वेदवाक्यासारखा उद्धृत केला आहे, त्याबद्दल पाव किलो कापून घेतो. क्षेत्ररक्षणाचे मोजमाप एका हंगामापुरते बरेच डळमळीत असते, आणि हा आकडा काढणाऱ्या दोन प्रमुख पद्धतींची उत्तरेही तंतोतंत जुळत नाहीत. दहा आणि सात यांतला फरक खरा मानावा. सात पूर्णांक एक आणि सहा पूर्णांक सहा यांवरून कोणाशी भांडू नये.

प्रश्न : जपानच्या शोहेई ओहतानीला दहा वर्षांसाठी 70 कोटी डॉलर देण्याचा करार झाला. कोणत्याही माणसाच्या खेळाची एवढी किंमत असू शकते काय? (निवृत्त शिक्षक, निपाणी)

उत्तर : गुरुजी, आधी त्या 70 कोटींचे वजन करू. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाशी डिसेंबर 2023 मध्ये झालेल्या या करारात 68 कोटी डॉलर पुढे ढकललेले आहेत. खेळत असताना त्याला वर्षाला 20 लाख डॉलर मिळतील आणि उरलेली रक्कम 2034 ते 2043 या काळात, बिनव्याजी दिली जाईल. आपल्या निवृत्तीची रक्कम कोणी दहा वर्षांनी, व्याज न धरता देऊ केली असती, तर आपण तिची आजची किंमत किती धरली असती? लीगच्या वेतनमर्यादेच्या हिशेबातही हा करार वर्षाला 7 कोटींचा न धरता सुमारे 4 कोटी 60 लाख डॉलरचा धरला जातो.

आणि त्याच्या जागी कोण, हा प्रश्न इथेही विचारावा. ओहतानी पिचर आहे आणि पहिल्या दर्जाचा बॅटरही आहे, त्यामुळे 26 जणांच्या चमूत एका जागेवर दोन माणसांचे काम होते. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे 2024 मध्ये त्याने एकही चेंडू टाकला नाही, तरी 54 होमरन आणि 59 चोरलेले बेस असा हंगाम त्याने केला. एकाच हंगामात दोन्हीकडे पन्नाशी त्यापूर्वी कोणी गाठली नव्हती. जाहिराती, तिकिटे आणि जपानमधले प्रेक्षक वेगळेच. मला हा सौदा महाग वाटत नाही.

प्रश्न : सामने थेट पाहायचे तर केव्हा उठावे? (विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर : उन्हाळ्यात न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला दिसतो. पश्चिम किनाऱ्यावरचा सामना पाहिला तर कॉलेजची पहिली तासिका बुडेल.

प्रश्न : काही संघ दोन-तीन वर्षे मुद्दाम हरतात आणि नवोदित मुलांच्या भरवशावर पुढे अजिंक्य होतात, असे ऐकले. हे खरे काय? नवोदिताची पारख करता येते काय? (शेतकरी वाचक, रायबाग तालुका)

उत्तर : आपल्या तालुक्यात चिंचणीच्या मायाक्काची यात्रा भरते, तेव्हा पारखेबद्दल आपणच मला सांगावे. तिथल्या जनावरांच्या बाजारात खिलार खोंड घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो. आदत असेल तर सगळे पुढेच, दुसा झाला की थोडे कळते, चौसा झाला की पुष्कळ कळते, आणि दात जुळलेला बैल तर समोर चालून दाखवतोच. जसजसे कळत जाते तसतशी किंमत चढते. आदत खोंड घेणारा बैल विकत घेत नाही, तो अंदाज विकत घेतो. म्हणून जाणता माणूस एकाच खोंडावर सगळी पुंजी लावत नाही.

ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोज संघाची गोष्ट अशीच आहे. त्यांनी 2011 मध्ये 106 सामने गमावले, 2012 मध्ये 107 आणि 2013 मध्ये 111. त्या काळच्या नियमानुसार सर्वांत खालच्या संघाला नवोदितांच्या निवडीत पहिली पसंती मिळत असे, आणि ती त्यांना 2012, 2013 व 2014 अशी लागोपाठ तीन वर्षे मिळाली. पहिल्या वर्षी त्यांनी पोर्तो रिकोचा कार्लोस कोरेया घेतला. तो 2015 मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला. दुसऱ्या वर्षी मार्क ॲपेल हा पिचर घेतला, जो ह्यूस्टनच्या मुख्य संघाकडून एकही सामना खेळला नाही. मध्यंतरी त्याने खेळ सोडला, पुन्हा धरला आणि फिलाडेल्फियाकडून 2022 मध्ये, तिशीत, पहिला सामना खेळला. तिसऱ्या वर्षी ब्रेडी एकन या पिचरशी करारच जुळला नाही, आणि त्याची भरपाई म्हणून पुढल्या वर्षी जी पसंती मिळाली तिच्यावर ॲलेक्स ब्रेगमन आला, जो 2017 च्या विजेत्या संघाचा आधारस्तंभ ठरला. एवढी माणसे, एवढी यंत्रे आणि एवढा पैसा लावून तीन पहिल्या पसंतींतून एक हमखास हिरा, एक निराशा आणि एक अपघाताने झालेला फायदा.

त्याच संघाचा होसे आल्टुवे मात्र या निवडीतून आलाच नव्हता. व्हेनेझुएलातल्या चाचणीत पहिल्या दिवशी त्याला उंची कमी म्हणून घरी पाठवले होते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि पुढे अवघ्या 15,000 डॉलरवर करारबद्ध झाला. साडेपाच फुटांच्या या खेळाडूने 2017 मध्ये सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान मिळवला.

संघ नवोदितांसाठी एवढे हपापलेले का असतात, यामागे साधे अर्थकारण आहे. मुख्य संघात आल्यावर पहिली सुमारे तीन वर्षे मुलगा किमान वेतनाच्या आसपास खेळतो, पुढची तीन वर्षे त्याचे वेतन लवादाच्या मार्गाने वाढते, आणि सहा वर्षे भरल्यावरच तो बाजारात मोकळा होतो. तो जे देतो आणि जे घेतो यांतली तफावत संघाच्या खिशात राहते.

ह्यूस्टनचे 2017 चे अजिंक्यपद निर्मळ नव्हते, हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे पिचरला सांगणाऱ्या कॅचरच्या (बॅटरमागे बसणाऱ्या खेळाडूच्या) खुणा कॅमेऱ्याने टिपून, कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला इशारा देण्याचा प्रकार त्या हंगामात चालला होता, असे चौकशीत निष्पन्न झाले. जानेवारी 2020 मध्ये संघाला 50 लाख डॉलरचा दंड झालाच, शिवाय दोन वर्षांच्या नवोदित निवडीतील पहिल्या दोन्ही फेऱ्यांच्या पसंती काढून घेण्यात आल्या. श्रीमंत संघाला दंडापेक्षा ही दुसरी शिक्षा अधिक लागते. मुद्दाम हरण्याच्या वाटेवरही आता काटे पेरले आहेत : लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2022 च्या करारापासून वरच्या सहा पसंतींसाठी सोडत काढतात, त्यामुळे शेवटचा क्रमांक म्हणजे पहिला खोंड, हे समीकरण उरलेले नाही.

प्रश्न : आमच्या गावचा संघ गेल्या हंगामात पाच सामने शेवटच्या षटकात जिंकला. कर्णधार म्हणतो, आमच्यात जिगर आहे, तेव्हा संघात काहीही बदल नको. बेसबॉलवाले याला काय म्हणतील? (एक स्कोअरर, येळ्ळूर)

उत्तर : ते आपल्या कर्णधाराला बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाचा 2012 सालचा हंगाम दाखवतील. त्या संघाने एका धावेच्या फरकाने निकाली निघालेल्या सामन्यांपैकी 29 जिंकले आणि फक्त 9 हरले. एकूण विजय 93 झाले. पण हंगामभरात त्यांनी केलेल्या धावा 712 होत्या आणि दिलेल्या 705, म्हणजे 162 सामन्यांत जमेला सात धावा. केलेल्या धावांच्या वर्गाला, केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागण्याचे एक सूत्र बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स याने रूढ केले आहे. त्याने हिशेब केला तर हा संघ सुमारे 82 विजयांचा ठरतो. वरचे अकरा विजय कुठून आले?

काही अंशी जिम जॉन्सनकडून. शेवटच्या डावात येऊन निसटती आघाडी राखणाऱ्या या पिचरने त्या वर्षी 51 सामने राखले. पुढल्या वर्षीही त्याने 50 राखले, परंतु नऊ वेळा आघाडी त्याच्या हातून निसटली, एका धावेचे सामने 20 जिंकून 31 हरले गेले आणि संघ 85 विजयांवर येऊन बाद फेरीबाहेर राहिला. गंमत अशी की 2014 मध्ये तोच संघ जॉन्सनशिवाय 96 सामने जिंकून गटात पहिला आला, आणि तेव्हा धावांची जमाही भरघोस होती.

जिगर खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मीही शेवटच्या षटकांत नखे खाल्ली आहेत. पण आपण स्कोअरर आहात, वही आपल्याकडे आहे. गेल्या हंगामात एकूण धावा किती केल्या आणि किती दिल्या याची बेरीज करून ती कर्णधारापुढे ठेवावी. आणि शेवटचे षटक टाकणारा तो मुलगा पुढल्या वर्षी गावात आहे की नोकरीसाठी पुण्याला जाणार, हे त्याच्या घरी जाऊन विचारून घ्यावे.