इलेक्ट्रॉनिक संगीत सुरू करायचं आहे, बजेट २५ हजार. ग्रूव्हबॉक्स (ठेके बांधून वाजवायचा डबा) घ्यावा, छोटा सिंथ (नॉब फिरवून आवाज घडवायचं वाद्य) घ्यावा की अरेंजर कीबोर्ड?

तुम्ही तपशिलात लिहिलंय की घरचे आणि दुकानदार दोघंही अरेंजरच घ्या म्हणतायत, मित्र म्हणतोय लॅपटॉपवरच होतं सगळं, आणि ग्रूव्हबॉक्स म्हणजे 'खेळणं, वाद्य नव्हे' असं तुम्हाला ऐकवलं गेलंय. ते वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. नाहीतर 'कोणतं घेऊ' छाप प्रश्न मी सोडून देतो.

अरेंजर घेऊ नका. दुसऱ्याने बांधून ठेवलेली साथ, म्हणजे स्टाइल, तुमच्या कॉर्डप्रमाणे (एकत्र दाबलेल्या सुरांप्रमाणे) फिरवून देणं हे त्याचं काम, आणि ऑर्केस्ट्राला, लग्नाला ते फार उपयोगी पडतं. तुम्हाला स्वतःचे आवाज आणि स्वतःचे ठेके करायचेत. काम वेगळं आहे.

मी उरणकडच्या एका बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) वाजवायचो. कीबोर्डवर एक दादा होते. वयाने मोठे, हात गोड, सुपारी, म्हणजे कार्यक्रम, ठरवायची तर शब्द त्यांचाच. मी कुणाकडून तरी जुना वोल्का बीट्स (कॉर्ग कंपनीचा छोटा ठेक्याचा डबा) घेऊन आलो तेव्हा त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "कुठल्या टीव्हीचा रिमोट आणलास रे?" पुढे कितीतरी दिवस माझं नाव रिमोट. चेष्टेचं मला काही नाही. पण त्यावर ते एक वाक्य नेहमी जोडायचे: "वाजवतंय ते, तू काय करतोस?"

एका हळदीला ढोलकीवाला दुसऱ्या सुपारीत अडकला आणि आलाच नाही. दादा म्हणाले, मी स्टाइल लावतो, तू वरून पॅड मार. पण त्यांच्या कीबोर्डात आपल्या कोळीगीताचा ठेका नव्हता. त्यातल्या त्यात जवळची म्हणून त्यांनी एक वॉल्ट्झ (तीन मात्रांचा विलायती नाच) लावली, आणि मांडवात हळद सोडून नवरदेव आता केक कापणार असं वाटायला लागलं. बायका नाचायच्या थांबल्या. तेव्हा मी साउंडवाल्याकडून छोट्या पिनची वायर मागून घेतली आणि वोल्का मिक्सरला जोडला.

त्यात ठेक्याचे १६ घर, म्हणजे स्टेप, असतात, पण नको त्या बंद करता येतात. शेवटच्या चार बंद केल्या, उरल्या १२. सहा मात्रांचा ठेका त्यात बरोबर बसतो. खाली किक (मोठ्या ड्रमचा ठोका), ढोलकीच्या घुमकीच्या जागी लो टॉम (खालच्या सुराचा ड्रम), चाटीच्या जागी क्लेव्ह (लाकडी टिपरीचा टक्). ढोलकी नव्हे ती, पण डोलणं तेच. आमचा गायक तिसऱ्या कडव्याला हमखास पळायचा, म्हणून डावं बोट टेम्पोच्या नॉबवरच ठेवलं आणि तो पळाला तसा ठेका पळवला. उजव्या हाताने टॉमचा पिच (सूर) फिरवत राहिलो, घुमकी वरखाली व्हायला लागली. ध्रुवपदाच्या आधी किक काढून घ्यायची आणि पहिल्या शब्दावर परत सोडायची, एवढं केलं तरी मांडव ओरडायचा. पहाटे टेम्पोत सामान चढवताना दादा म्हणाले, "जमलं बरं का. पण वाद्य नव्हे ते."

डाव्या हाताने कॉर्ड धरून बाकी सगळं मशीनकडून वाजवून घेणारा माणूस हे म्हणतो! तेव्हा मी गप्प बसलो, पुढची सुपारी त्यांच्याच हातात होती. आता बोलतो.

रोलंड या जपानी कंपनीने टीबी-३०३ हा बेसचा डबा काढला तो गिटारवाल्यांना साथीला बेस (खालचे सूर) मिळावा म्हणून. ती साथ कुणाला पटली नाही आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं. मग शिकागोच्या पोरांनी स्वस्तात मिळालेले ते डबे चालू ठेवून त्यांचे नॉब पिळले, त्यातून १९८७ च्या सुमाराला ॲसिड हाउस हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत उभं राहिलं. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत हिंदी सिनेमात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी तोच टीबी-३०३, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले होते. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही, २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चाट पडले. ते काय रिमोट दाबत होते का?

म्हणून माझी कसोटी एकच. ठेका चालू असताना आवाज हाताने वळवता येतो का? दुकानात जाऊन हेच बघा. मेनूत शिरावं लागत असेल तर पहिलं यंत्र म्हणून ते नको. ५०० आवाज आहेत म्हणून सांगतील, ते ऐकूच नका.

आता तुमचं. २५ हजारांत एक वोल्का आरामात बसतो. ठेक्याची ओढ असेल तर बीट्स (स्नेअर पातळ आहे अशी सगळ्यांचीच तक्रार असते, त्याऐवजी त्यातला टाळीचा आवाज वापरा), सुरांची असेल तर वोल्का कीज. रोलंडचे छोटे टी-८ आणि एस-१ पण बघा. टी-८ मध्ये ड्रम आणि ३०३ चा बेस दोन्ही मिळतात, आणि चार्जिंग यूएसबीवर. थोडं थांबून पैसे जमवता आले तर नोव्हेशनचा सर्किट ट्रॅक्स घ्या: दोन सिंथ, चार ड्रम, आत बॅटरी, अख्खं गाणं एका डब्यात उभं राहतं. नवा तुमच्या बजेटच्या वर जाईल, सेकंडहँड शोधा. लॅपटॉपवर हे सगळं होतं का? होतं. तुमचा मित्र बरोबर आहे. पण मग हा प्रश्न इथे कशाला विचारलात?

दोन गोष्टी राहिल्या. बोटं बसवायची असतील, सरगम घोटायची असेल, तर यातलं काहीच कामाचं नाही. त्याला पेटी किंवा पूर्ण पट्ट्यांचा कीबोर्डच लागतो, तिथे घरच्यांचं ऐका. आणि वोल्कासोबत अडॅप्टर येत नाही. घरात गिटार पेडलचा ९ व्होल्टचा पडला असेल तर तो लावू नका, पेडलवाल्यात मधली पिन निगेटिव्ह असते आणि वोल्काला पॉझिटिव्ह लागते. सहा पेन्सिल सेल टाका, चांगले अल्कलाइन. रात्रभराची हळद निघते.