नाईटची गाडी घेण्याआधी

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद. तुला टुरिस्ट गाडीवर काम लागलं आणि पहिलीच लांबची ट्रिप कल्याण ते नागपूर, समृद्धीवरून, नाईटला आहे, हे आईकडून कळलं. स्टिअरिंगवरचा तुझा हात चांगला आहे, त्यात मी काही शिकवणार नाही. झोपेचं मात्र बोलायला हवं.

तुझ्या वयाच्या पोरांना वाटतं, झोप आली की आपल्याला कळेल, मग बघू. घोळ इथेच आहे. किती झोप आलीय हे जोखणारा मेंदूच पेंगत असतो, त्याचा निवाडा काय धरायचा? शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. चार सेकंद पापणी मिटली की शंभर मीटरहून जास्त अंतर तू नसताना कापलं जातं. डुलकीतल्या अपघातात बऱ्याचदा रस्त्यावर ब्रेकची खूणच नसते, ती यामुळेच.

पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतंच, मग तू कितीही तरणाबांड अस. दुपारी जेवणानंतरही तेच, जरा कमी. त्यात समृद्धी म्हणजे ७०१ किलोमीटर काँक्रीट. इगतपुरीकडचे बोगदे सरले की पुढे सरळच्या सरळ रस्ता. ना गाव आडवं येत, ना सिग्नल, ना सारखा गिअर बदलावा लागत. जुन्या नाशिक हायवेवर खड्डे तरी जागं ठेवायचे!

मागचा इंटरचेंज कधी गेला ते आठवेना, गाडी पट्ट्यावर सरकून टायर खडखडले, मान एकदा जरी खाली गेली, तर पुढच्या पहिल्या पंपावर थांब. शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, नको, तिथे उभ्या गाडीला मागून ट्रक येऊन धडकतो. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तंबाखूचा बार भरणं, हे सगळं मनाचं समाधान. कॉफी चालते, पण ती चढायला अर्धा तास लागतो. म्हणून कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं सीट मागे टाकून झोप. इंजिन बंद, काच दोन बोटं खाली, मोबाईलला गजर. उठल्यावर तोंड धू, जरा फिर, मग चावी लाव. एवढ्याने तास-दीड तास निभतो, अख्खी रात्र नाही. सर्दीच्या गोळीने गुंगी येते, ट्रिपच्या दिवशी ती घेऊ नकोस.

खरा निर्णय मात्र ट्रिप घेताना करायचा असतो. दिवसभर लोकल भाडी मारून रात्री नऊला नागपूरला निघालास, तर पहाटेपर्यंत जागून वीस तास होतील. सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाचे हातपाय रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे मंदावतात, आणि आपल्याकडे दारूची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. पिऊन गाडी चालवायची नाही हे तुला घरातच शिकवलंय, पण जागरणाला मात्र आपल्याकडे शाबासकी मिळते. 'एका दमात नागपूर मारलं' म्हणणाऱ्या ड्रायव्हरला स्टँडवर मान असतो. मला ते कधीच पटलं नाही.

मालकाला आधीच सांग: नाईट असेल त्या दिवशी दुपारी झोपणार, दुसरं भाडं नको. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती त्या जुन्या कायद्यात लिहिलेली होती. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला तो लागायचा. त्यावरून मालकाशी भांडण काढू नकोस, नुसतं कानावर घाल. पार्टीलाही गाडीत बसतानाच सांगून ठेव की वाटेत दोनदा थांबणार. निघताना सांगितलं तर कुणी हरकत घेत नाही, पहाटे तीनला सांगितलं की कुरकुर होते. आणि पुढच्या सीटवरच्याला घोरू देऊ नकोस.

येताना रिकामी गाडी असेल तर नागपुरात पुरती झोप काढूनच निघ. दोन तास उशीर झाल्याबद्दल मालक ओरडला, तर त्याला माझ्याशी बोलायला सांग.

तुझा,
काका