चार स्टार ठीक आहेत, पण त्या मुलीच्या वस्तीचं काय?

प्रिय पोरी,

त्या किशोरवयीन प्रेमकथेच्या कादंबरीवर तू लिहून पाठवलेलं मत वाचलं. शेवट घाईत उरकलाय म्हणते ते बरोबर, लायब्ररीतल्या भांडणाचा सीन भारी आहे हेही बरोबर, पण चार स्टार देऊन तू जिथे थांबली ना तिथूनच खरं काम सुरू होते आणि नेमकं तेच तू सोडून दिलं. म्हणून हे पत्र. व्हॉट्सअॅपवर एवढं पाठवलं असतं तर तू वरच्या दोन ओळी वाचून अंगठा टाकून मोकळी झाली असती, मी ओळखून आहे तुला.

तू लिहिलं की कादंबरीतला मुलगा आणि मुलगी आधी एकमेकांचा राग राग करतात, मग प्रेमात पडतात, एनिमीज टू लव्हर्स आवडत असेल त्यांनी वाचाच. आता सांग, तो राग दोघांचा सारखा आहे का? ती त्याच्यावर चिडते कारण तो तिचा पहिला नंबर घेऊन जातो. तो तिला हसतो कारण ती स्कॉलरशिपवर आलीये, तिचं इंग्लिश त्याच्यासारखं नाही, आणि ती राहते त्या वस्तीचं नाव तो मित्रांसमोर कसं घेतो ते तूच मला फोनवर वाचून दाखवलं होतं. लेखिकेने दोन्हीला रायव्हलरी म्हटलं आणि तूही तेच उचललं. रायव्हलरी बरोबरीच्यांमधे होते आणि निकाल लागला की थंडावते. पूर्वग्रहाला बरोबरी लागतच नाही, आणि समोरची पहिली आली तर तो कमी व्हायचा सोडून जास्तच फुगतो. वस्तीतली पोरगी बोर्डात चमकली की पेपरात फोटो येतो आणि त्याच दिवशी कोणीतरी म्हणतेच, हो पण यांना सवलती असतात ना. ऐकलंय ना तू हे? मग कादंबरीतल्या त्या पोराने एक सॉरी आणि एक पावसातला सीन दिला की हे सगळं मिटलं, हे तू कसं काय पास केलं बे?

या सगळ्या पुस्तकांची आजी म्हणजे जेन ऑस्टिनचं प्राइड अँड प्रेज्युडिस, १८१३ सालचं. तू सिनेमा पाहिलाय, पुस्तक वाच. नायक डार्सीचं वर्षाचं उत्पन्न दहा हजार पाउंड, आणि नायिका एलिझाबेथच्या घरी मुलगा नाही म्हणून बाप गेल्यावर इस्टेट दूरच्या भावाकडे जाणार, म्हणजे पाच बहिणी उघड्यावर. अशा मुलीला तो मागणी घालतो आणि त्याच मागणीत तुझं घराणं किती खालचं आहे हेही ऐकवतो. ती नाही म्हणते. हे साधारण पुस्तकाच्या मध्यावर घडते आणि उरलेलं अर्धं पुस्तक त्या नकाराने काय काय हललं याचंच आहे, त्याच्यातही आणि तिच्यातही, कारण विकहॅम नावाच्या एका अधिकाऱ्याच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवून डार्सीबद्दल वाईट ग्रह तिनेही करून घेतलेला असतो. आता गंमत बघ. डार्सीची मावशी येऊन तिला पायरी दाखवते तेव्हा एलिझाबेथ सुनावते की तो जंटलमन, म्हणजे जमीनजुमल्यावर जगणाऱ्या घरातला आहे आणि मीही जंटलमनची मुलगी आहे, तेवढ्यापुरते आम्ही बरोबरीचे. उत्तर जबरदस्त आहे. पण ती स्वयंपाकीणबाईची मुलगी असती तर? मग हे वाक्य तिला बोलताच आलं नसतं. त्या कादंबरीला या प्रश्नाशी देणंघेणं नाही आणि नसू दे, तिचा आवाका तिला माहीत आहे. आजची लेखिका मात्र तोच सांगाडा उचलून वस्तीतल्या मुलीवर चढवते तेव्हा तो करकरायला लागतो, आणि तू ज्याला शेवट घाईत उरकला म्हणून राहिली ना, ती मला वाटते हीच करकर आहे. घाई नाहीये ती, लेखिकेकडे उत्तरच नाहीये.

उत्तर नसलं तरी पुस्तक चांगलं होऊ शकते बरं का, फक्त ते लपवायचं नाही. मॅलोरी ब्लॅकमनचं नॉट्स अँड क्रॉसेस मिळालं तर वाच, २००१ साली इंग्लंडमधे आलं. त्यात जग उलटं केलंय, काळे लोक सत्तेत आणि गोरे खाली. सेफी वरच्या घरातली, कॅलम खालचा, लहानपणापासूनची दोस्ती. एका गोऱ्या मुलीच्या कपाळावर तपकिरी पट्टी चिकटवलेली असते, जखमेवरची, कारण त्या जगात पट्ट्या मिळतात त्या फक्त काळ्या कातडीला मॅच होणाऱ्या. एवढीशी गोष्ट, भाषण नाही काही नाही, आणि पूर्ण व्यवस्था कळते. दुसरी जागा याहून भारी आहे. शाळेसमोर जमाव खालच्या मुलांना आत येऊ देत नाहीये, सेफी त्यांच्या बाजूने ओरडायला जाते आणि ओरडण्याच्या भरात कॅलमच्या लोकांना दिली जाणारी शिवीच तिच्या तोंडून निघते, कॅलमच्या समोर. तिचं प्रेम खरं आहे आणि ती शिवीही तिच्या आतूनच आलीये. तुझ्या पुस्तकातला पोरगा बदलतो म्हणतेस तर त्याच्या तोंडून बदलल्यानंतर असं काही एकदा तरी निसटते का, शोध. नाही निसटत, मी पाहिलं. म्हणजे लेखिकेने त्याला इस्त्री करून ठेवलंय.

आपल्याकडचं घे. मिलिंद बोकिलांची शाळा तू नववीत असताना मीच दिली होती, तेव्हा तू फक्त हसून हसून वाचली. आता परत वाच आणि बघ की त्यातला पोरगा त्याला आवडणाऱ्या मुलीला शिरोडकर म्हणतो, आडनावाने. आपल्या शाळांमधे असंच असते आणि आपल्याला त्यात काहीच वाटत नाही. पण नागपुरात तू रूम शोधायला फिरली आहे, घरमालक भाडं सांगायच्या आधी काय विचारते? आडनावच ना. ज्या आडनावाने मुलं चिडवतात, त्यावरच मोठी माणसं दार उघडायचं की नाही ते ठरवतात. मराठीत किशोरवयीन प्रेमावर लिहिणाऱ्यासाठी इथे केवढा मोठा खजिना पडलाय आणि आपण पोरांना हॉस्टेल, प्रॉम नाईट आणि लॉकर देऊन राहिलो. असो, हा माझा जुना राग आहे.

आता तुझी मैत्रीण म्हणेल, जी नेहमी म्हणते, की लव्हस्टोरी आहे ती, त्यात कशाला जात आणि राजकारण घुसवता. तिला सांग की आम्ही नाही घुसवलं, लेखिकेनेच दुसऱ्या चॅप्टरमधे वस्तीचं नाव घेऊन हसवलं, आम्ही फक्त विसरलो नाही. मात्र तू दुसऱ्या टोकालाही जाऊ नको. एखादं पात्र घाण बोललं की लगेच स्टार कापणारे वाचक असतात, ते मला तेवढेच कंटाळवाणे वाटतात. पात्राला पूर्वग्रह असणारच, त्याशिवाय गोष्ट कशी होईल. बघायचं हे की पुस्तकाला ते दिसते आहे का, की पुस्तकही पात्रासोबत बसून हसते आहे. तो पोरगा तिच्या आईच्या टपरीवर पहिल्यांदा येतो तो प्रसंग काढ, तिथे आई काय बोलते? एक वाक्यही नाही. चहा देते आणि कौतुकाने बघते. यावर लिही ना पोरी! दोन पानं होतील.

आणि बाकी वाचकांची मतं वाचून मग आपलं लिहायचं हे बंद कर आधी. वाचकांचेही ग्रह असतातच. आउटसायडर्स नावाची कादंबरी १९६७ मधे आली, श्रीमंत आणि गरीब पोरांच्या टोळ्यांवरची, लिहिणारी सुझन हिंटन विशीच्याही आतली होती, आणि प्रकाशकांनी कव्हरवर फक्त एस. ई. हिंटन छापलं, कारण मुलीने लिहिलंय कळलं तर समीक्षक हातातही घेणार नाहीत अशी भीती. त्यातली श्रीमंत गटातली चेरी गरीब पोराशी मनापासून बोलते आणि जाताना सांगते की शाळेत दिसल्यावर बोलले नाही तर मनाला लावून घेऊ नको. तुझ्या चार स्टारवाल्या पुस्तकात एवढा प्रामाणिक एक संवाद असता तर मी पाच दिले असते.

या दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतील तेव्हा माझ्यासोबत चल, दोन आत्मकथनं घेऊ. प्रेमकथा नाहीत, पण ती वाचल्यावर कादंबरीतली वस्ती खरी की सेट लावलेली हे लगेच ओळखू येते. गर्दी खूप असते, साधी चप्पल घाल.

नवीन ड्राफ्ट रविवारपर्यंत पाठव. लायब्ररीच्या सीनवरचा पॅरा तसाच ठेव, तो चांगला आहे. स्टार शेवटी ठरव, आणि चारच राहिले तरी माझी हरकत नाही, फक्त टपरीवरच्या आईबद्दल लिहिल्याशिवाय पाठवू नको.

तुझी,
मावशी