फियाटमध्ये धूर येते? आधी डिकी पाहा

भाऊ, लगेच सायलेन्सर बदलायले धावू नको. आधी डिकीचं रबर पाहा. गाडी पळते तवा मागं हवेचा दाब कमी होते, धूर तिथंच घुटमळते अन् फटीतून आत शिरते. कागद मधात ठेवून डिकी लाव. सहज ओढला गेला तर रबर गेलंच समज. आपल्या उन्हात ते कडक होतेच बाप्पा!

मग थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) गॅस्केटपाशी, म्हणजे जोडातल्या पट्टीपाशी, फुसफुस ऐक, सायलेन्सरच्या जोडांवर काजळी शोध. पेडलांजवळची भोकंही पाहा, तिथूनही धूर आत येते. वास नाही म्हणून निर्धास्त राहू नको, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूले वासच नसते. डोकं जड झालं की गाडी थांबव, बाहेर नीघ. तोवर यवतमाळची फेरी एसटीनंच कर.